क्षमता दहा हजारांची, मग रिपोर्टला तीन दिवस का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. कोविडच्या काळात परदेशातून परत येताना विमानतळावर तुमचा स्वॅब घेतला. प्रवाशांसाठी दिवसाला १०,००० चाचण्यांची क्षमता आहे आणि निकाल २४ तासांत मिळेल, असं सरकारने आधीच जाहीर केलं होतं. त्या आठवड्यात रोज उतरणारे प्रवासी सात-आठ हजारांच्या पुढे गेले नव्हते. तरीही तुमचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आला आणि तोवर खोलीबाहेर पाऊल टाकता आलं नाही. चाचणी चार तासांची, मग बाकीचा वेळ गेला कुठे? आकडा खोटा होता का? आणि उद्या नवा विषाणू आला तर सरकारला नेमकं काय विचारायचं?

मी सरकारी विषाणू प्रयोगशाळेत काम करते. साथीच्या काळात प्रवाशांचे नमुने आमच्याकडेही येत. माझं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही: आकडा बहुधा खरा होता, २४ तासांचं आश्वासनही कुणी फसवायला दिलं नसावं, आणि तरीही तुमचे तीन दिवस सहज लागू शकतात. तुम्ही विचारताय ते मुळात दोन प्रश्न आहेत. दिवसात किती चाचण्या होऊ शकतात, हा एक. माझी चाचणी कधी होणार, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर यंत्रं मोजून देता येतं. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या पुढे किती नमुने पडून आहेत त्यावर ठरतं, आणि जाहिरातीत ते कधीच नसतं.

तुमच्या नमुन्याचं नेमकं काय झालं हे मला इथे बसून सांगता येणार नाही. प्रयोगशाळा विमानतळावरच होती की नमुने गाडीने दुसरीकडे जात होते, विमान किती वाजता उतरलं, नमुने सुटे तपासले की पूल करून (म्हणजे एकत्र मिसळून), त्याच प्रयोगशाळेत रुग्णालयांचे नमुनेही येत होते का, यावर पुष्कळ अवलंबून आहे. पण वेळ कुठे जातो याच्या जागा ठरलेल्या आहेत. त्या सांगते.

आधी तो १०,००० चा आकडा. असा आकडा तयार होताना मी जवळून पाहिला आहे. वरून विचारणा येते, "तुमची क्षमता किती लिहू?" मग गुणाकार होतो: इतकी पीसीआर यंत्रं (विषाणूचा जनुकीय अंश वाढवून शोधणारी), प्रत्येकावर ९६ वेल्सची, म्हणजे छोट्या खळग्यांची प्लेट, दिवसाला इतके रन, म्हणजे यंत्राच्या फेऱ्या. गुणाकारात चूक नसते. पण प्रत्येक प्लेटमधले दोन-तीन वेल्स कंट्रोलसाठी, म्हणजे चाचणी नीट चालली का हे पडताळायला जातात, काही नमुने पुन्हा लावावे लागतात, आणि रात्रपाळीला दिवसाइतकी माणसं नसतात. शिवाय पीसीआर यंत्र क्वचितच अडतं. अडतं ते त्याआधीचं काम, म्हणजे नमुन्यातून आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय पदार्थ, वेगळा करण्याचं. त्याची किट संपली की दहा पीसीआर यंत्रं नुसती उभी राहतात. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये जगभर आधी स्वॅब आणि आरएनए काढायच्या किटचा तुटवडा होता, नंतर पिपेटच्या (द्रव मोजून घेण्याच्या नळीच्या) प्लॅस्टिक टिप्स मिळेनात. यंत्रांचे फोटो छापून येतात, टिप्सचे येत नाहीत.

क्षमता म्हणजे काय मोजायचं, यातही मोकळीक असते. ब्रिटनचे तेव्हाचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी एप्रिल २०२० अखेर दिवसाला एक लाख चाचण्यांचं लक्ष्य ठेवलं होतं आणि शेवटच्या दिवशी १,२२,३४७ चाचण्या झाल्याचं जाहीर केलं. त्यांतली सुमारे ४० हजार किट लोकांच्या घरी किंवा इतर केंद्रांकडे नुसती पाठवलेली होती. तपासणी झालेली नव्हती, काही परत येणारही नव्हती. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने यावर उघड नाराजी नोंदवली. म्हणून कुणी आकडा सांगितला की माझा पहिला प्रश्न असतो: हा घेतलेल्या स्वॅबचा आहे, लावलेल्या चाचण्यांचा, की लोकांच्या हातात पडलेल्या रिपोर्टचा?

प्रवाशांच्या बाबतीत या आकड्यात आणखी एक मेख असते, पूलिंगची. पाच जणांचे नमुने एकत्र करून एकच चाचणी लावायची. निगेटिव्ह आली तर पाचही सुटले. पॉझिटिव्ह आली तर पाचही वेगवेगळे तपासायचे. कल्पना जुनी आहे. रॉबर्ट डॉर्फमन यांनी १९४३ साली अमेरिकी सैन्यात भरती होणाऱ्यांच्या सिफिलिस चाचणीसाठी ती मांडली. प्रवासी बहुतेक ठणठणीत असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी ही पद्धत सोयीची पडते.

आता हिशेब करू. शंभर प्रवाशांत एक पॉझिटिव्ह असेल तर वीस पूल आणि त्यांतला साधारण एक उघडून पाच, अशा २५ चाचण्यांत काम भागतं. म्हणजे दिवसाला २,५०० चाचण्या करणारी प्रयोगशाळा "आमची क्षमता १०,००० प्रवाशांची" असं प्रामाणिकपणे म्हणू शकते. पॉझिटिव्हचं प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की शंभर जणांना सुमारे ४३ चाचण्या लागतात आणि त्याच प्रयोगशाळेतून ५,९०० च्या आसपास प्रवासी पार पडतात. १० टक्क्यांवर हा आकडा ४,१०० होतो. यंत्रं तीच, माणसं तीच, क्षमता निम्म्याहून कमी. आणि हे नेमकं साथ चढत असताना घडतं. भारतात आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं की पूलिंग मुख्यतः जिथे पॉझिटिव्हचं प्रमाण २ टक्क्यांखाली आहे तिथे वापरा, ५ टक्क्यांच्या वर मुळीच नको. त्यामागचं एक कारण हेच.

१० टक्के ही कल्पनेतली गोष्ट नाही. कोविडच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराची बातमी फुटली त्याच सुमारास, २६ नोव्हेंबर २०२१ रोजी, जोहान्सबर्गहून ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर उतरलेल्या दोन विमानांतल्या सुमारे ६०० प्रवाशांपैकी ६१ जण पॉझिटिव्ह निघाले. त्या सगळ्यांना निकालासाठी तासन् तास विमानतळावर थांबावं लागलं होतं. अशा दिवशी पूल लावले असते तर दर पाच पूलमधले दोन उघडावे लागले असते, आणि उघडलेल्या पूलमधला प्रत्येक जण आणखी एका रनची वाट पाहत बसला असता. तुमचा स्वतःचा नमुना निगेटिव्ह असूनही उशीर झाला असेल, तर याचाही विचार करा: तुमच्या पूलमधलं दुसरं कुणी पॉझिटिव्ह असू शकतं.

आता घड्याळाकडे येऊ. "चार तासांची चाचणी" हे बरोबर आहे. आरएनए काढायला तास-दीड तास, पीसीआरच्या चाळीसेक सायकलला दीड-दोन तास, मधली मांडामांड आणि शेवटी आलेख वाचणं. मोठी स्वयंचलित यंत्रंसुद्धा पहिले ९६ निकाल द्यायला साधारण साडेतीन तास घेतात. पण नाकापासून फोनपर्यंतच्या प्रवासात हे चार तास छोटाच भाग आहेत.

धरा, विमान रात्री दोनला उतरलं. त्याच सुमारास आणखी तीन उतरली, कारण आंतरराष्ट्रीय विमानं अशीच घोळक्याने येतात. दिवसभराची सरासरी ताशी तीनशे प्रवाशांची असली तरी त्या दोन तासांत हजारभर माणसं समोर उभी असतात. नमुन्यांचा डबा न्यायला गाडी ठरलेल्या वेळी येते, समजा सकाळी सहाला. प्रयोगशाळेत पोहोचल्यावर नोंदणीचं टेबल. माझ्या मते उशिराचं खरं माहेर हेच, पण पाहुण्यांना आम्ही यंत्रं दाखवतो, हे टेबल दाखवत नाही. इथे प्रत्येक कुपीचा बारकोड यादीशी जुळवायचा असतो. यादीत नाव आहे आणि डब्यात कुपी नाही. कुपी आहे, यादीत नाव नाही. झाकण सैल राहून द्रव सांडलेला. पासपोर्टवर आडनाव आधी, फॉर्मवर नंतर, म्हणून एकाच माणसाच्या दोन नोंदी. असा एकेक गुंता सोडवायला दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि तो सुटेपर्यंत तो नमुना पुढे सरकत नाही.

मग प्लेट भरण्याची वाट. सगळ्या सीटा भरल्याशिवाय जीप सुटत नाही, तसं किट महाग आणि माणसं थोडी असताना अर्धी रिकामी प्लेट कुणी लावत नाही. तुमचा नमुना प्लेटमध्ये पहिला बसला तर शेवटचा येईपर्यंत थांबतो, आणि भरलेली प्लेट सुटल्यावर आला तर पुढच्या रनपर्यंत थांबतो. रन झाल्यावर कधी निगेटिव्ह कंट्रोलमध्येच, म्हणजे ज्यात विषाणू नसायलाच हवा त्या वेलमध्ये, सिग्नल दिसतो, म्हणजे कुठेतरी दूषितता झाली. अख्खी प्लेट रद्द, ९० हून जास्त लोकांचे पाच-सहा तास गेले. काही निकाल इनकन्क्लुझिव्ह येतात, म्हणजे धड पॉझिटिव्ह नाहीत आणि निगेटिव्हही नाहीत, ते पुन्हा. शेवटी अधिकृत व्यक्तीची सही, पोर्टलवर नोंद आणि एसएमएस. हा एसएमएस पुष्कळदा प्रवाशाच्या परदेशातल्या नंबरवर जातो आणि ते सिम त्याने विमानातच बदललेलं असतं. रिपोर्ट तयार, सरकारच्या हिशेबात निकाल वेळेत, आणि माणूस वाट पाहतोय.

सगळं सुरळीत चाललं तरी स्वॅबपासून रिपोर्टपर्यंत १५ ते २४ तास हा मला वाजवी वेळ वाटतो. म्हणजे सरकारचे २४ तास चांगल्या दिवसाचे होते.

वाईट दिवसाचं गणित वेगळं आहे आणि तुमच्या तीन दिवसांचं उत्तर बहुधा त्यातच आहे. समजा कागदावरची १०,००० ची क्षमता वरच्या सगळ्या कारणांनी प्रत्यक्षात ५,००० वर आली. सुट्ट्यांमुळे तीन दिवस रोज ८,००० प्रवासी आले. तिसऱ्या दिवसाअखेर ९,००० नमुने शिल्लक राहिले. हे जवळजवळ दोन दिवसांचं काम. चौथ्या दिवशी पहाटे स्वॅब दिलेल्या माणसाचा नंबर लागायलाच ४३ तास जाणार, त्यावर नेहमीचे वीस-चोवीस तास धरा. झाले तीन दिवस. चौथ्या दिवशी गर्दी ओसरून ४,५०० वर आली तरी फरक लगेच पडत नाही, कारण दिवसाला फक्त ५०० ची थकबाकी फिटते. तीन दिवसांची गर्दी फिटायला अठरा दिवस लागतात. आणि या एकवीस दिवसांची सरासरी काढली तर ती बरोबर रोज ५,००० प्रवासी इतकीच येते. महिनाअखेरच्या अहवालात "मागणी क्षमतेइतकीच होती" असं कुणी लिहिलं तर ते खोटं नसेल.

गर्दी क्षमतेच्या वर गेली नाही तरी सुटका नसते. रांगांच्या गणितातलं सगळ्यात साधं सूत्र असं सांगतं: काम ५० टक्के भरलेलं असेल तर वाट पाहण्याचा सरासरी वेळ एका कामाला लागणाऱ्या वेळेइतका असतो. ८० टक्क्यांवर तो चौपट होतो, ९० वर नऊपट, ९५ वर एकोणीसपट. प्रयोगशाळेची रांग या सूत्राइतकी साधी नसते, पण वळण तेच असतं. शेवटच्या दहा टक्क्यांत रांग उसळते. म्हणून वेळेची हमी द्यायची तर यंत्रं आणि माणसं काही वेळ रिकामी ठेवावी लागतात. सरकारी व्यवस्थेत हे समजावणं फार अवघड जातं. लेखापरीक्षणात रिकाम्या यंत्रावर शेरा बसतो. प्रवाशाच्या तीन दिवसांवर बसत नाही.

"मग झटपट चाचणीची यंत्रं का नाही लावत?" हा पुढचा प्रश्न मला नेहमी येतो. लावतात. भारतात १ डिसेंबर २०२१ पासून 'ॲट रिस्क', म्हणजे जास्त धोक्याचे ठरवलेल्या देशांतून येणाऱ्यांना निकाल हाती येईपर्यंत विमानतळ सोडता येत नव्हता. तेव्हा मोठ्या विमानतळांवर नेहमीच्या आरटीपीसीआरसोबत रॅपिड पीसीआरचाही पर्याय होता. एकट्या माणसासाठी तो उत्तम. पण जीनएक्स्पर्टसारख्या यंत्रात एका कप्प्यात एका वेळी एकाच नमुन्याचं कार्ट्रिज (छोटी डबी) बसतं आणि त्याला पाऊण तास लागतो. सोळा कप्प्यांचं यंत्र ठेवलं आणि तीनशे प्रवाशांचं एक विमान उतरलं, तर एकोणीस फेऱ्या होतात, म्हणजे मधे क्षणाचीही उसंत न घेता चौदा तासांच्या वर. तेच तीनशे नमुने चार प्लेटमध्ये चार यंत्रांवर एकदम लावले तर प्रयोगशाळेत पोहोचल्यापासून पाच-सहा तासांत संपतात. पाऊण तासाची चाचणी पहिल्या सोळा जणांसाठी झटपट आहे, तीनशेव्यासाठी नाही. म्हणून रॅपिड यंत्रं ज्यांना दोन तासांत पुढचं विमान गाठायचंय त्यांच्यासाठी राखावीत आणि बाकीचे प्लेटवर, असं माझं मत आहे. अर्थात प्रयोगशाळा विमानतळापासून दोन तासांवर असेल तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

यंत्रांवर एवढं बोलून झालं, पण या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण यंत्रांचं नाहीच. जर्मनीच्या बव्हेरिया राज्याने २०२० च्या उन्हाळ्यात सुट्टीवरून परतणाऱ्यांसाठी महामार्गांवर आणि विमानतळांवर मोफत चाचण्या सुरू केल्या. प्रतिसाद अपेक्षेपेक्षा खूप मोठा मिळाला. १२ ऑगस्टला सरकारला कबूल करावं लागलं की ४४,००० जणांचे निकाल त्यांना कळवलेच गेले नाहीत, आणि त्यांत ९०० हून अधिक पॉझिटिव्ह आहेत. नमुने तपासून झाले होते! सुरुवातीला फॉर्म हाताने भरले जात होते. ते हस्ताक्षर वाचून, संगणकात टाकून निकालाशी जोडण्याची यंत्रणा इतक्या संख्येसाठी उभीच नव्हती. जर्मनीसारख्या देशाकडे पीसीआर यंत्रांची वानवा नव्हती. नोंदणीच्या टेबलाबद्दल मी एवढं का बोलते, ते यावरून लक्षात यावं.

उलटं उदाहरण आइसलँडचं. त्यांनी १५ जून २०२० पासून सीमेवर चाचण्या सुरू केल्या. सुरुवातीला डीकोड जेनेटिक्स या खासगी कंपनीची मदत होती, पुढे ती थांबली. दिवसाला २,००० नमुने ही आपली मर्यादा आहे, हे तिथल्या सरकारने लपवलं नाही. जुलैच्या मध्यात त्यांनी जर्मनी, डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड अशा कमी धोक्याच्या देशांतून येणाऱ्यांना चाचणीतून वगळलं. क्षमता वाढत नसेल तर मागणी कमी करायची आणि ते आधी ठरवून करायचं. लोकांना हे धोरण ढिलं वाटतं. मला ते शहाणपणाचं वाटतं, कारण सगळ्यांचे नमुने घेऊन तीन दिवसांनी निकाल देण्यापेक्षा निम्म्यांचे घेऊन त्याच दिवशी देण्याने संसर्ग जास्त अडू शकतो. पुढे १९ ऑगस्टपासून, साथ पुन्हा डोकं वर काढू लागल्यावर, त्यांनी उलट दिशेने पाऊल टाकलं: दोन चाचण्या, मधे काही दिवस विलगीकरण.

दोन चाचण्या का, हे सांगायला हवं, कारण वेळेचा अर्थ त्यावर ठरतो. लागण झाल्यावर पहिल्या काही दिवसांत नाकात विषाणू बहुतेकदा सापडत नाही. २०२० मध्ये सात अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असं दिसलं की संसर्गानंतर चौथ्या दिवशीही पीसीआर सुमारे ६७ टक्के लागण झालेल्यांना निगेटिव्ह दाखवते. आठव्या दिवशी हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत उतरतं. म्हणजे विमानतळावरचा निगेटिव्ह निकाल हा स्वॅब घेतला त्या क्षणापुरता खरा असतो. तो तीन दिवसांनी हातात आला तर तीन दिवस जुनी बातमी असते. पॉझिटिव्ह निकाल उशिरा आला तर त्याहून वाईट, कारण मधल्या दिवसांत तो माणूस बाहेर फिरला असेल तर त्याला शोधून उपयोग थोडाच.

म्हणून किती वेळ चालेल, याला एकच उत्तर नाही. चाचणी कशासाठी, त्यावर ते ठरतं. निकाल आल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे धोरण असेल तर काम तासांत झालं पाहिजे, आणि ते न जमणारं सरकार माणसांना विमानतळाच्या फरशीवर झोपवतं. इंग्लंडने ३० नोव्हेंबर २०२१ पासून ठरवलं तसं, दुसऱ्या दिवसापर्यंत चाचणी द्या आणि निगेटिव्ह येईपर्यंत घरात राहा, असं असेल तर प्रयोगशाळेचा प्रत्येक उशिराचा तास म्हणजे निरोगी माणसाच्या कैदेचा एक तास. तुमची गत या दुसऱ्या प्रकारची होती. तिसरा प्रकार पाळतीचा. डिसेंबर २०२२ मध्ये भारतात आंतरराष्ट्रीय प्रवाशांपैकी २ टक्क्यांचे नमुने घेत आणि नमुना दिल्यावर जाऊ देत. कोणता नवा प्रकार देशात येतोय हे पाहणं हा त्याचा उद्देश. तिथे जनुकीय क्रमनिर्धारणाला, म्हणजे विषाणूचा जनुकीय क्रम वाचायला, आठवडा लागला तरी चालतं. सरकारं पुष्कळदा तिसऱ्या प्रकारची यंत्रणा उभारतात आणि भाषा पहिल्या प्रकाराची वापरतात, तिथे लोकांचा विश्वास उडतो.

तर सरकारला काय विचारायचं? "क्षमता किती" हे विचारूच नका. किती टक्के प्रवाशांना २४ तासांत निकाल मिळाला, हे विचारा, आणि लगेच विचारा की घड्याळ कुठे सुरू केलं आणि कुठे थांबवलं. नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यापासून सही होईपर्यंत मोजलं तर आठ तास येतील. स्वॅबपासून फोनपर्यंत मोजलं तर त्याच नमुन्याचे तीस होतील. सरासरीवर समाधान मानू नका, सगळ्यात हळू दहा टक्क्यांना किती वेळ लागला ते मागा. आणखी एक खोच आहे, ती आकडेमोड करणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही. वेळ फक्त तयार झालेल्या रिपोर्टांची मोजली जाते. जे नमुने अजून पडून आहेत त्यांचा हिशेब सरासरीत येत नाही. रांग वाढत असताना सरासरी चांगली दिसू शकते. याच्या जोडीला "२४ तासांत इतके टक्के" असं लक्ष्य असेल तर प्रयोगशाळेला मोह होतो की ज्यांचे २४ तास उलटूनच गेलेत त्यांना मागे ठेवावं आणि ताजे नमुने आधी घ्यावेत. लक्ष्य गाठलं जातं, जुने कुजतात. कुजतात हे नुसतं बोलायचं नाही: नमुना २ ते ८ अंशांत साधारण ७२ तासच ठेवावा असा संकेत आहे, पुढे तो उणे ७० ला न्यावा लागतो. म्हणून रोज सकाळी ४८ तासांहून जुने किती नमुने शिल्लक आहेत, हा आकडा जाहीर व्हायला हवा. माझ्या मते हा एकच आकडा बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त सांगतो.

आणि हेही विचारा: गर्दी क्षमतेच्या वर गेली तर कुणाला वगळणार, हे आधी ठरलंय का? रुग्णालयातले नमुने आणि प्रवाशांचे नमुने एकाच यंत्रावर आले तर रुग्णालयाचे आधी लागणार, आणि ते बरोबरच आहे. श्वास लागलेल्या माणसाचा निकाल तुमच्या निकालापेक्षा तातडीचा असतो. पण ते आधी सांगितलेलं असलं की घरात बंद असलेल्या माणसाची चिडचिड निम्मी होते.

राहिलं तुमच्यापुरतं. पुन्हा कधी अशी वेळ आली तर स्वॅब देऊन लगेच निघू नका. कुपीवरचं नाव आणि बारकोड तुमच्या पावतीशी जुळतात का ते तिथेच पाहा, नाव पासपोर्टप्रमाणे लिहिलंय ना ते बघा, आणि पुढचे तीन दिवस जो फोन चालू असेल त्याचाच नंबर द्या. प्रवासाआधीची चाचणी असेल तर हेही लक्षात ठेवा: कोविडच्या काळात ७२ तासांची मर्यादा बहुतेक ठिकाणी नमुना दिल्याच्या वेळेपासून मोजत, रिपोर्टच्या तारखेपासून नाही. तेव्हा एक अख्खा दिवस उशिरासाठी राखून ठेवा, सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नमुना देणं टाळा, आणि शक्य असेल तर सकाळची गाडी निघण्याआधी द्या. २४ तास उलटले आणि रिपोर्ट आला नाही तर हेल्पलाइनला "रिपोर्ट कधी येईल" असं विचारू नका, त्याचं उत्तर "लवकरच" असंच मिळतं. "माझा नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्याची नोंद आहे का, आणि किती वाजताची?" असं विचारा. नोंद असेल तर तुम्ही रांगेत आहात, थांबा. नोंद नसेल तर कुपी यादीशी जुळलेली नाही किंवा वाटेतच राहिली आहे, आणि तेव्हा वाट पाहण्यात अर्थ नाही. लगेच दुसरा स्वॅब मागा.